अक्षरं किती, ओळी किती

मंडळी, या वीकेंडला जरा मोजामोजी करू या.

लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी 'डब्ल्यूसी' ही कमांड वापरलेली असते. नाव पहिल्यांदा ऐकलं की सगळेच हसतात. (वर्ड काऊंट हो, दुसरं काही नाही!) तिला एक फाईल द्यायची, ती तीन आकडे तोंडावर फेकते: ओळी, शब्द आणि बाईट. लॉगमध्ये किती एरर आल्या, डेटाबेसमधून किती रेकॉर्ड बाहेर पडले, सगळं आपण हिच्याच भरवशावर सांगत असतो. मॅनेजरला सांगायचा आकडा बहुतेक वेळा हिचाच असतो.

मी मूळचा सावलीचा. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालं की वैनगंगेच्या अलीकडे लागतं ते तालुक्याचं गाव. तर एका रिकाम्या फाईलमध्ये मी नुसतं 'सावली' एवढंच लिहिलं, सेव्ह केलं आणि डब्ल्यूसी चालवलं. उत्तर आलं: एक ओळ, एक शब्द, सोळा बाईट. मग 'एम' ऑप्शन देऊन बाईटऐवजी कॅरेक्टर विचारले, तर सहा. आता आमच्या शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा, सावलीत अक्षरं किती? तो बोटावर मोजून तीन सांगेल. सोळा नाही आणि सहा तर नाहीच नाही.

याचं तांत्रिक उत्तर सोपं आहे, ते पुढे देतोच. पण त्या निमित्ताने दुसराच एक किडा डोक्यात शिरला. मजकूर मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं? आणि ते ठरवलं कोणी? शोधत गेलो तर गाडी बेल लॅब्जहून भांडारकर संस्थेत आणि तिथून थेट आमच्या गावात येऊन थांबली.

आधी बेल लॅब्ज. युनिक्सची पहिली मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ ची. डब्ल्यूसी तिच्यातच आहे, म्हणजे ही कमांड युनिक्सइतकीच जुनी. लिहिणारा जो ओसाना. हा तोच माणूस ज्याने पुढे एनरॉफ आणि टीरॉफ हे मजकूर मांडणारे प्रोग्राम लिहिले. युनिक्सचा जन्म म्हटलं की आपल्याला दाढीवाले हॅकर आणि त्यांचे गेम आठवतात. पण कंपनीकडून नवं मशीन पदरात पाडून घेताना केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि मंडळींनी कारण सांगितलं होतं ते टायपिंगचं! बेल लॅब्जच्या पेटंट विभागाला अर्ज टाईप करायला, दुरुस्त करायला आणि नीट छापायला सिस्टिम हवी होती. ते काम आम्ही करून देतो, असं म्हणून या लोकांनी पीडीपी-११ मिळवलं. मेमरी चोवीस किलोबाईट, डिस्क अर्धा मेगाबाईट. १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागाचे तीन टायपिस्ट दिवसभर त्या मशीनवर बसत आणि हे लोक उरलेल्या जागेत आपलं संशोधन करत.

गंमत म्हणजे त्या पहिल्या डब्ल्यूसीचे आकडे आजच्यासारखे नव्हते. ते शब्द मोजायचं, मजकुराच्या ओळी मोजायचं आणि टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या मोजायचं. टिंबाची ओळ म्हणजे 'रॉफ' या प्रोग्रामला दिलेली सूचना: इथे समास सोड, इथे नवं पान घे वगैरे. म्हणजे त्या खोलीत जे काम चाललं होतं, तेच मोजणारं हत्यार तयार झालं.

मग ओळ म्हणजे काय? जिच्या शेवटी 'न्यूलाईन' आहे ती. फाईलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारला नसेल तर डब्ल्यूसी आजही ती ओळ मोजत नाही. ते ओळी मोजतच नाही, एंटर मोजतं. आणि शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमध्ये जे काही असेल ते. कर्निगन आणि रिचीच्या १९७८ च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हा प्रोग्राम दिलाय: आपण शब्दाच्या आत आहोत की बाहेर एवढंच लक्षात ठेवायचं आणि बाहेरून आत शिरलं की एक वाढवायचा. आपल्यापैकी निम्म्यांनी तो आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' मधून गिरवलाय. फाईलचा धडा आठवा: कॅरेक्टर, स्पेस, टॅब, ओळी मोजा. व्हायव्हाला हमखास विचारायचे. पण शब्दाची ही व्याख्या बरोबर आहे का, असं मला चार वर्षांत कोणी विचारलं नाही.

कारण आपल्याकडे ती व्याख्या कधी नव्हतीच!

जुन्या संस्कृत पोथ्यांत शब्द तोडून लिहायची पद्धत नव्हती. अक्षराला अक्षर लागून ओळ भरत जायची. मोडीत तर आधी लांबलचक रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. पेशवे दप्तरातला एखादा कागद जसाच्या तसा टाईप करून डब्ल्यूसीला दिला, तर ते शांतपणे सांगेल की दर ओळीत शब्द एकच. त्यामुळे मोजायचं एकक शब्द असणं शक्यच नव्हतं. एकक होतं अक्षर. आणि बत्तीस अक्षरांचा मिळून एक 'ग्रंथ'.

हा ग्रंथ म्हणजे पुस्तक नव्हे. अनुष्टुभ छंदात आठ अक्षरांचे चार चरण, म्हणून एका श्लोकात बत्तीस अक्षरं. हेच माप मग सगळीकडे लागलं, गद्यालासुद्धा. पोथीच्या शेवटी 'ग्रंथाग्र' म्हणून आकडा लिहिलेला असतो, जैन पोथ्यांत तर फारच. एवढे 'ग्रंथ' म्हणजे बत्तीस-बत्तीस अक्षरांचे एवढे तुकडे. हा आकडा हौसेचा नव्हता. नकलून देणाऱ्या लेखकाची मजुरी त्यावर ठरत असे. शिवाय नक्कल करताना पान गळलं की आकडा जुळत नाही, चोरी पकडली जाते. आपण डाऊनलोड केलेल्या फाईलचा चेकसम तपासतो ना, अगदी तेच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या (स्थापना १९१७) हस्तलिखितांच्या सूची एकदा जरूर चाळा. प्रत्येक पोथीच्या नोंदीत असतं: पानं इतकी, एका पृष्ठावर ओळी इतक्या, एका ओळीत अक्षरं इतकी. झालं की डब्ल्यूसी! समजा पानं चाळीस, म्हणजे पृष्ठं ऐंशी, दर पृष्ठी दहा ओळी आणि दर ओळीत बत्तीस अक्षरं, तर पोथी आठशे ग्रंथांची. प्रत्येक अक्षर मोजत बसायची गरज नाही, अंदाज पुरेसा चांगला येतो.

याच संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ला सुरुवात, १९६६ ला पूर्ण, १,२५९ हस्तलिखितं ताडून. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक. महाभारत एक लाख श्लोकांचं असं आपण म्हणतो. या आवृत्तीत उरले त्याहून बरेच कमी. आणि त्याहून भारी गोष्ट म्हणजे महाभारताच्या आदिपर्वातच 'पर्वसंग्रह' नावाचा भाग आहे. त्यात कुठल्या पर्वात किती अध्याय आणि किती श्लोक ते सांगितलंय. फाईलच्या आतच फाईलची साईझ! अर्थात वेगवेगळ्या प्रतींत या भागातले आकडेसुद्धा वेगवेगळे. म्हणजे आत लिहिलेला चेकसमही लोकांनी वेळोवेळी अपडेट केलेला. हे वाचून मला आमचे प्रॉडक्शन सर्व्हर आठवले. :-)

पुढे १९९० च्या दशकात क्योटोच्या मुनेओ तोकुनागांनी हे अख्खं महाभारत रोमन अक्षरांत कॉम्प्युटरवर घातलं आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथनी ते दुरुस्त करून वाढवलं. त्या फाईलची रचना बघण्यासारखी आहे: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पर्व, अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक. कुठल्याही पर्वाच्या ओळी कमांड लाईनवरून एका झटक्यात वेगळ्या काढून मोजता येतात. 'ओळ म्हणजे एंटर' ही टायपिस्टांची व्याख्या त्यांनी श्लोकाच्या चरणांना बेमालूम चिकटवली. ज्ञानेश्वरीच्या कुठल्याही फाईलवर मात्र हे चालेलच असं नाही. ओवी साडेतीन चरणांची, छापताना बहुधा दोन ओळींत बसवलेली, त्यामुळे डब्ल्यूसी नऊ हजारांच्या आसपास ओव्या न सांगता त्याच्या दुप्पट ओळी सांगेल. तिथे एंटर सोडून ओवी क्रमांकाच्या दोन दंडांमागे लागायचं.

आता गाव.

सावलीबद्दल गूगल केलं तर फार काही हाती लागत नाही. पण १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं होतं आणि त्याला स्वतः गांधीजी आले होते. पुढच्या वर्षीचं झालं हुदलीला, त्यापुढचं डेलांगला. सावलीच का? तर सावली तेव्हा खादी-उत्पादनाचं केंद्र होतं. तेव्हा जिल्हा 'चांदा' होता, गडचिरोली त्यातच होतं (वेगळा जिल्हा झाला तो १९८२ ला), आणि धानाच्या या मुलखात बाया सूत कातत होत्या.

सुताचा इथे काय संबंध, असं म्हणाल. सांगतो. सूतही मोजावं लागतं. चार फूट घेराच्या फाळक्यावर सूत गुंडाळायचं, एक फेरा म्हणजे एक तार. अशा ६४० तारांची एक गुंडी. सूत किती बारीक हे सांगणारा त्याचा 'अंक' वेगळा, तो वजनावरून काढायचा: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती गुंड्या बसतात. ८४० हे गिरण्यांचं इंग्रजी माप. ६४० तार गुणिले चार फूट म्हणजे २,५६० फूट, म्हणजे ८५३ यार्ड. जवळपास तेच. म्हणजे मँचेस्टरच्या विरोधात कातलेलं सूतसुद्धा मँचेस्टरच्या मापाला जुळवून मोजलं जात होतं! मला हे कळलं तेव्हा थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आणि या मोजण्यावर बाईचं पोट होतं. कातणारीला पैसे मिळायचे ते सुतावर, तासांवर नाही. आणि ते इतके कमी होते की गांधीजींनाच ते सलायला लागलं. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये अखिल भारत चरखा संघाने वर्ध्याला ठराव केला: आठ तासांच्या चांगल्या कामाचे निदान इतके पैसे मिळालेच पाहिजेत की कातणारीला पुरेसं अन्न आणि वर्षाचे वीस यार्ड कपडे घेता येतील. सावलीचं अधिवेशन त्यानंतर चारेक महिन्यांनी. ठराव वाचायला छान, पण अंमलात आणायचा म्हणजे कोणीतरी बसून ठरवायला हवं की आठ तासांत किती गुंड्या, कुठल्या अंकाच्या, किती मजबूत. एकक गुंडीच राहिलं, तिच्या मागे तास आले. पोथी नकलणारा आणि सूत कातणारी, दोघांच्याही हातात पडणारा पैसा ठरत होता एककावर. आणि एकक ठरवणारे ते दोघे नव्हेत.

म्हणून म्हणतो, सोळा बाईट ही नुसती गंमत नाही. आता ते तांत्रिक उत्तर.

१९९२ च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन (तोच, युनिक्सवाला) आणि रॉब पाईक न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवायला बसले आणि टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ ची मांडणी झाली. इंग्रजी अक्षराला एक बाईट, आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. सावलीत चिन्हं पाच: स, काना, व, ल आणि दीर्घ वेलांटी. पाच त्रिक पंधरा आणि शेवटचा एंटर धरून सोळा. कॅरेक्टर विचारले तर पाच अधिक एंटर, सहा. काना हे युनिकोडच्या लेखी स्वतंत्र कॅरेक्टर! भारताची जुनी 'इस्की' पद्धत एका चिन्हाला एकच बाईट घ्यायची, युनिकोडने देवनागरीची मांडणी तिच्यावरूनच उचलली, त्यामुळे काना-मात्रा सुटे ठेवायची सवयही आली. चिन्हं सुटी ठेवण्यात चूक काही नाही, टाईप करायला तेच बरं. पण त्याला 'कॅरेक्टर' म्हटलं की लोक अक्षर समजतात.

याची किंमत आपण भरत आलोय. एसएमएस आठवा: इंग्रजीत १६० कॅरेक्टर, मराठीत लिहायला गेलं की ७०. 'पोचलो' असं आईला मराठीत कळवलं की तीन अक्षरांचे पाच मोजले जायचे. आता एआयच्या सेवा 'टोकन'वर बिल लावतात, आणि त्यांच्याही तुकडे पाडायच्या पद्धती बहुतेक इंग्रजी मजकुरावर पोसलेल्या असल्याने तेवढ्याच मजकुराचे मराठीत साधारणपणे जास्त तुकडे पडतात. ग्रंथ, गुंडी, टोकन. माल तोच, मापं बदलली.

शब्दांचं तर उलटंच आहे. माझी एक मैत्रीण मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते, कोर्टाचे कागद, जुने दस्त वगैरे. दर शब्दाला इतके. मूळ मजकुराचे शब्द मोजायचे हा धंद्यातला नेहमीचा रिवाज. आता 'इन फ्रंट ऑफ द हाऊस' हे पाच शब्द, आणि 'घरासमोर' हा एक. 'सावलीकरांसाठीसुद्धा' हा डब्ल्यूसीच्या लेखी एक शब्द, वर्डच्या लेखीही एकच. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतात, इंग्रजीत ते सुटे उभे राहतात. तिने पाच शब्द लिहायचे आणि पैसे एकाचे घ्यायचे. एका ग्राहकाला तिने हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर दाखवतोय ना!" कॉम्प्युटर दाखवतोय म्हटल्यावर विषय संपतो. पोथीवाल्याचं बत्तीस अक्षरांचं माप यापेक्षा जास्त न्यायाचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठला शब्द किती वेळा आला हे मोजायचं म्हटलं तर आणखी धमाल. १९८६ मध्ये जॉन बेंटलीच्या सदरात डोनाल्ड नूथने याच कामासाठी पानंच्या पानं प्रोग्राम लिहिला आणि त्यावर परीक्षण लिहिताना डग मॅकिलरॉयने (युनिक्सला पाईप देणारा तो हाच) तेच काम सहा कमांड एकमेकींना जोडून करून दाखवलं. आमच्या धंद्यात हा किस्सा पुराणातल्यासारखा सांगतात. पण त्या सहातली पहिलीच कमांड सांगते की ए ते झेड सोडून बाकी सगळं म्हणजे मोकळी जागा. अख्खी ज्ञानेश्वरी त्यात घाला, हाती येईल एक रिकामी ओळ. तेवढं दुरुस्त केलं तरी पाणी, पाण्यात, पाण्याने, पाण्याला हे चार वेगळे शब्द. त्यात आमच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही; आमचं 'पानी' पाचवं. आणि दुसरा एक योगायोग बघा: आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्रींच्या पुढाकाराने १९७८ सालच्या मजकुरांचे ५०० नमुने, प्रत्येकी साधारण दोन हजार शब्दांचे, असा दहा लाख शब्दांचा संग्रह झाला. जगभर 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणून ओळखतात. भाषा? भारतीय इंग्रजी. काम उत्तमच होतं, पण नाव ऐकून मी वेगळ्याच अपेक्षेने उघडलं होतं.

मग अक्षरं मोजायचीच नाहीत का? येतात मोजता. युनिकोडमध्ये 'ग्राफीम क्लस्टर' नावाची कल्पना आहे: डोळ्याला एक दिसतं ते एक मोजा. सावलीचे तीन बरोबर येतात. पण जोडाक्षरं आली की गाडी अडायची. 'चंद्रपूर' घ्या. बोटावर चार: चं, द्र, पू, र. जुन्या नियमाने यायचे पाच, कारण द्र मधला पाय मोडलेला द एकीकडे आणि र दुसरीकडे. जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम आला युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ ला. तुमच्या भाषेची लायब्ररी नवी असेल तर आता चार येतील. डब्ल्यूसी आलं तेव्हापासून बावन्न वर्षं. त्याच्यात स्वतःमध्ये अजून तसा ऑप्शन नाहीच, पण पर्ल किंवा पायथनमध्ये दहा ओळींचं काम आहे. अक्षरं मोजा, बत्तीसने भागा, ग्रंथाग्र तयार. मैत्रिणीला करून दिलंय. पुढच्या कोटेशनला दोन्ही आकडे शेजारी शेजारी लावणार म्हणते.

सावलीच्या पुढे व्याहाडनंतर वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, आणि पुढे जंगलात शिरलं की गोंडी. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी सांगणारे २९.८४ लाख. १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली, युनिकोडमध्ये ती आली २०१७ ला. तोवर पुढच्या जागा भरल्या होत्या, त्यामुळे तिच्या एका चिन्हाला चार बाईट. गोंड स्वतःला 'कोया' म्हणवतात. तो शब्द मी एका फाईलमध्ये देवनागरीत लिहिला आणि दुसऱ्या फाईलमध्ये मसराम लिपीत. दुसरी फाईल उघडली तर लॅपटॉपवर फॉन्टच नसल्याने नुसते रिकामे चौकोन दिसले. डब्ल्यूसीने मात्र मोजून दिलं: एक ओळ, एक शब्द, सतरा बाईट.